उत्तर दिल्यावर कोण येणार?

(नांदेड आणि लातूर भागातील मंडळ्यांच्या मदतनीस मेळाव्यात आपल्या एका आरोग्यसेविका भगिनीने केलेले भाषण. अनेकांच्या आग्रहावरून ते येथे देत आहोत.)



दरवर्षी या मेळाव्यात मी आपल्या फिरत्या दवाखान्याचा हिशेब सांगते. किती रुग्ण तपासले, किती जणांना चष्मे मिळाले, किती मुलांची सिकलसेलची तपासणी झाली. या वर्षीचा हिशेब छापील अहवालात आहे, तो आपण वाचालच. आजची वीस मिनिटं मी दुसऱ्या एका विषयासाठी मागून घेतली आहेत.

विषय असा. मनाच्या आजारांचा अभ्यास आता मोबाईलवरून होऊ लागला आहे. अशा अभ्यासात आपल्या वस्त्यांतल्या लोकांनी भाग घ्यावा का? घेतला तर आपण, म्हणजे मंडळीने आणि या संस्थेने, काय करायचं? गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला दोघांनी विचारला. दोघांचीही गोष्ट सांगते.

पहिला एक मुलगा. किनवटच्या बाजूचा, आपल्याकडे शिकून पुढे गेलेला. सध्या लातूरला राहून नीटची तयारी करतो. 'लातूर पॅटर्न' आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पोरं पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास आणि अभ्यासिका यांच्यात फिरत असतात. त्याने मला मोबाईलवर आलेला एक संदेश दाखवला. एक ॲप घ्यायचं, रोज काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, महिनाअखेरीस थोडे पैसे मिळणार. "ताई, करू का?" मी तो संदेश दोनदा वाचला. कोणती संस्था, जबाबदार माणूस कोण, फोन कुणाला करायचा, काहीच नव्हतं. मी सांगितलं, "नको रे बाबा." तो गप्प बसला. मग म्हणाला, "ठीक आहे ताई. पण निदान ते रोज विचारणार तरी होतं."

दुसरी एक कोलाम आजी. माहूरच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्यांचं पोड आहे. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर जे नऊ प्रश्न वापरतात, ते मराठीत मोबाईलवर उघडून मी तिला वाचून दाखवत होते. आपल्या लोकांना हे प्रश्न कळतात की नाही, एवढंच मला बघायचं होतं. तिने सगळे नीट ऐकून घेतले. मग मोबाईलकडे बोट करून म्हणाली, "बाई, ह्याला मी समदं सांगितलं. आन् मंग येनार कोन?"

तिचा हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

मोबाईल काय बघतो

आधी हा अभ्यास असतो तरी काय, ते सांगते. आपल्यात दोन्ही टोकांचे समज आहेत. कुणी म्हणतं मोबाईल मनातलं वाचतो, कुणी म्हणतं हे सगळं थोतांड आहे.

मोबाईल दोन प्रकारे माहिती घेतो. पहिला प्रकार विचारण्याचा. झोप कशी लागली, जेवावंसं वाटलं का, मन कशात लागतं का, असे प्रश्न पडद्यावर येतात आणि आपण उत्तरावर बोट ठेवतो. दुसरा प्रकार गुपचूप बघण्याचा. फोन दिवसभरात कुठे कुठे फिरला, किती हलला, पडदा किती वाजता लागला आणि किती वाजता बंद झाला, याची नोंद फोन स्वतःच करत राहतो. त्यावरून माणूस घराबाहेर पडला का, झोपला का, याचा अंदाज बांधतात.

आपल्या देशात हे झालेलं आहे. बंगळुरूची निम्हान्स ही राष्ट्रीय संस्था, भोपाळमध्ये काम करणारी 'संगत' ही संस्था आणि अमेरिकेतल्या बोस्टन शहरातले डॉक्टर यांनी मिळून स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांबरोबर असा अभ्यास केला. हा आजार एकदा आटोक्यात आला तरी पुन्हा उलटू शकतो. तो उलटण्याआधी झोपेत, फिरण्यात, वागण्यात जे बारीक बदल होतात ते फोनवरून आधीच कळतील का, हे त्यांना बघायचं होतं. कळले तर रुग्णाला वेळेत डॉक्टरकडे नेता येईल. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल. आठ दिवस आधी कळलं असतं तर, हे वाक्य त्या घरांत कितीदा बोललं जातं!

नाशिक जिल्ह्यात मोबाईल वेगळ्या कामाला लावला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ च्या सुमारास ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचं काम सुरू केलं. गावातलेच विश्वासाचे लोक निवडले, त्यांना शिकवलं आणि त्यांच्या हातात मोबाईल दिले. त्या मोबाईलमध्ये छोट्या फिल्म होत्या: घरातली भांडणं, दारू, बायकांना होणारी मारहाण अशा विषयांवरच्या. गावातला माणूस गावातल्याच माणसाला पारावर किंवा ओसरीवर फिल्म दाखवायचा. मग बोलणं सुरू व्हायचं. ज्याला गरज असेल त्याच्याकडे तो पुन्हा पुन्हा जायचा. या कामात मोबाईल होता, पण दोन माणसांच्या मध्ये धरलेला.

आपण मोजलेच गेलो नाही

मग भाग घ्यावा का? माझं पहिलं उत्तर 'हो' असं आहे. कारण सांगते.

२०१५-१६ मध्ये निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. देशातल्या १२ राज्यांत हजारो लोकांना भेटून प्रश्न विचारले. त्यातून कळलं की दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा काही ना काही आजार आहे आणि बहुतेकांना उपचार मिळतच नाहीत. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे किनवट, माहूर, हदगाव, हिमायतनगर इथला आंध, गोंड, कोलाम माणूस त्या आकड्यांत कुठेच नाही. जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी औषध, डॉक्टर, पैसा कुठून येणार?

याउलट जिथे लोकांनी उत्तरं दिली तिथे काय झालं ते बघा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला तो भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी मदत घेतलेली होती. दीड वर्षाने हेच प्रमाण शंभरात सत्तावीसवर गेलं. ही गोष्ट २०१७ साली जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गावातल्या बायाबाप्यांनी ओसरीवर बसून उत्तरं दिली नसती, तर हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं.

आणि आंध्र प्रदेशात, पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, जॉर्ज इन्स्टिट्यूटने आशाताईंच्या हातात टॅबलेट दिले. त्या गावांत अनुसूचित जमातींची गावंही होती. आशाताई घरी जाऊन प्रश्न विचारायची. ज्याची तब्येत काळजीची वाटे त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायची. त्याला फोनवर आवाजी संदेश जायचा की डॉक्टरांना भेटायला विसरू नका. तो गेला की नाही हे बघायला आशाताई पुन्हा दारात यायची. पहिल्या ३० गावांत, ज्यांना त्रास होता त्यांच्यातले आधी शंभरात एकही धड उपचाराला जात नव्हता. नंतर बारा-तेरा जण जाऊ लागले. आकडा मोठा नाही. पण त्या बारा-तेरा जणांच्या घरी विचारा.

म्हणून मी म्हणते, अशा अभ्यासात भाग घेणं हे शेजाऱ्यावर प्रेम करण्यासारखं आहे. आज उत्तर देणाऱ्याला कदाचित लगेच काही मिळणार नाही. पण त्याच्या उत्तरामुळे उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला वेळेत उपचार मिळतील.

आपल्याकडचा फोन आणि आपल्याकडचं मन

आता दुसरी बाजू. शहरात बसून बनवलेल्या ॲपला आपल्याकडचं जगणं ठाऊक नसतं.

आपल्या पोडावर एका घरात एक फोन असतो, तोही बहुधा मुलाचा. कापूस वेचायला बाई सकाळी निघते तेव्हा फोन घरात खुंटीला. ती दिवसभर कंबर मोडेपर्यंत वाकलेली असते आणि फोन नोंद करतो की ही व्यक्ती आज जागची हलली नाही. रात्री तोच फोन घेऊन नातू बारा वाजेपर्यंत व्हिडिओ बघतो आणि फोन म्हणतो की आजीला झोप येत नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत अख्खं कुटुंब रानात असतं. कामासाठी लोक तेलंगणात जातात, कुणी ऊसतोडीला जातात. माणूस एकदम दोनशे मैल लांब दिसू लागतो, मग पाच महिने तिथेच. यंत्राला वाटेल याचं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं असेलही, पण ते पोटापाण्याचं. बॅटरी संपली, रेंज गेली, रिचार्ज संपला की तेवढे दिवस कोरे.

भाषेचंही तसंच. "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?" हा प्रश्न मी वाचला तेव्हा आजी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आमच्या बायका निराश होत नाहीत. त्यांचा जीव घाबरा होतो, डोकं जड होतं, हातापायांतून मुंग्या निघतात, कशात चित्त लागत नाही, भाकरी गिळत नाही. हे तरी मराठीतलं झालं. तिच्या मनातली भाषा कोलामी. गोंडाच्या घरात गोंडी. पडद्यावरचा प्रश्न मराठीत आला म्हणजे तो तिच्यापर्यंत पोचला असं होत नाही.

या अडचणींमुळे अभ्यास करू नये असं मी म्हणत नाही. उलट अभ्यास करणाऱ्यांना हे सगळं सांगायला आपलीच माणसं तिथे हवीत. प्रश्न ठरवण्याच्या वेळी त्या पोडावरची एखादी बाई बसली, तर शंभर चुका टळतील.

आधी विचारायचं

इथून पुढचं बोलणं थोडं कडू आहे. ते मी आधी माझ्याबद्दल बोलते, म्हणजे कुणाला टोचणार नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत काय झालं ते इथे बसलेल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. नंतरच्या महिन्यांत एका पाहणीसाठी आम्हा मुलींना पत्र्याच्या शेडमधल्या लोकांकडे पाठवलं. दिवसाला वीस कागद भरायचे होते. एक बाई, माझ्या आईच्या वयाची. मी विचारलं, झोप लागते का? ती म्हणाली, "डोळे मिटले की माती पडते गं तोंडावर." तिची दोन लेकरं गेली होती. मी कागदावर 'नाही' या शब्दापुढे खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. अजून अकरा कागद बाकी होते.

त्या बाईने मला नकार का दिला नाही, याचा विचार मी पुढे कित्येक वर्षं केला. ती नाही म्हणूच शकत नव्हती. ज्यांनी तिला पत्रा दिला, तांदूळ दिले, घोंगडी दिली, त्यांच्याच बाजूने मी आले आहे असं तिला वाटत होतं. नाही म्हटलं आणि उद्याचे तांदूळ बंद झाले तर?

बंधू-भगिनींनो, आज आपल्या वस्त्यांत आपण तेच आहोत. आपण दवाखाना नेतो, वह्या-पुस्तकं नेतो, थंडीत घोंगड्या नेतो. हे तुमच्या देणगीतून होतं आणि मी त्यासाठी देवाचे आभार मानते. पण त्यामुळेच आमच्यातल्या कुणी सांगितलं की "अमुक डॉक्टर येणार आहेत, त्यांच्या मोबाईलवर अंगठा लावा," तर सगळं पोड अंगठा लावेल. त्याला होकार म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त आपली भीड मोडली नाही, एवढंच.

या बाबतीत सरकारी नियमही आपल्या बाजूचे आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, कलम ९९, सांगतो की मनाचा आजार असलेल्या माणसावर कसलंही संशोधन करायचं, नुसती मुलाखत घ्यायची असली तरी, त्याची समजून-उमजून आणि कुणाच्या दबावाशिवाय दिलेली संमती हवी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्येच जे नैतिक नियम काढले, त्यांत आदिवासींसाठी वेगळा भाग आहे. त्या लोकांच्या खास फायद्याचं असेल तरच आदिवासींमध्ये संशोधन करावं. आदिवासी भागात शिरण्याआधी प्रशासनाची परवानगी घ्यावी. गावच्या प्रमुखाचं मत घ्यावं, पण प्रमुख हो म्हणाला म्हणून प्रत्येकाचा होकार गृहीत धरू नये. प्रत्येकाला वेगळं विचारावं. आणि दिलेला होकार माणूस केव्हाही परत घेऊ शकतो. त्याबद्दल त्याचा कुठलाही उपचार थांबता कामा नये.

हे नियम वाचताना मला बेथेस्दाचं तळं आठवलं. तिथे एक माणूस ३८ वर्षं आजारी पडून होता. त्याला काय हवंय हे कुणालाही दिसत होतं. तरीही प्रभूने आधी त्याला विचारलं की तुला बरं व्हायचं आहे का. मग पुढचं. ज्याला सगळं ठाऊक होतं त्यानेही विचारल्याशिवाय हात लावला नाही. मग आपण कोण?

नववा प्रश्न

आता त्या नऊ प्रश्नांकडे परत येते. त्यांतले आठ झोप, भूक, थकवा, मन न लागणं यांबद्दल आहेत. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की डॉक्टरांनी नीट तपासावं असं मानतात. नववा प्रश्न असा असतो की, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मनात येतात का.

पुष्कळांना वाटतं हा प्रश्न विचारूच नये, विचारला तर नसलेला विचार डोक्यात यायचा. तसं होत नाही. अभ्यासांत हेच दिसून आलं आहे आणि माझाही अनुभव तोच आहे. विचारल्यावर माणूस बहुधा मोकळा होतो. आपल्या मराठवाड्यात तर हा प्रश्न मोठ्याने विचारायलाच हवा. किती घरांतले कर्ते पुरुष गेले, ते आपण जाणतो. सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तो याच दुःखातून. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारावं, ही कल्पना तिथेही होती.

पण समजा, माहूरच्या डोंगरात रात्री दहा वाजता एका बाईने फोनवरच्या नवव्या प्रश्नाला 'रोजच' असं उत्तर दिलं. ते उत्तर कुठे जातं? पुण्यातल्या, बंगळुरूतल्या की परदेशातल्या संगणकात? ते कुणी कधी वाचतं? त्याच रात्री, की सहा महिन्यांनी सगळी माहिती गोळा झाल्यावर? वाचलं तर तो माणूस कुणाला फोन करतो? आणि त्या पोडापर्यंत चालत कोण जातं?

आजीने तेच विचारलं होतं. चांगले अभ्यास करणारे लोक या प्रश्नांची उत्तरं आधीच ठरवून ठेवतात. पश्चिम गोदावरीत आशाताई दारात परत जात होती. जिथे उत्तर ठरलेलं नाही तिथे आपण भाग घेऊ नये.

एलीयाची गोष्ट आपण सगळे जाणतो. ईजबेलच्या भीतीने तो रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागितलं. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा संदेष्टा तो! त्याच्या विश्वासात काही कमी होतं असं कोण म्हणेल? देवाने त्याला झापलं नाही. दूत आला, त्याने हात लावून उठवलं, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देवाने त्याला विचारला, पण पुढे होरेबावर गेल्यावर. भाकर आधी, प्रश्न नंतर. आपल्याकडे अजूनही कुणाचं मन बिघडलं की आपण म्हणतो, प्रार्थना कमी पडते. असं म्हणणाऱ्याने तो अध्याय पुन्हा वाचावा.

आपण काय करायचं

कुणी अभ्यासात भाग घेण्याबद्दल विचारलं तर आमचे कार्यकर्ते आता त्या माणसाबरोबर बसून हे पाच प्रश्न विचारतात. आपणही आपापल्या घरात लक्षात ठेवा. लातूर-नांदेडला शिकणारी आपली मुलंही असे संदेश बघत असतात.

पहिला प्रश्न: हा अभ्यास कोणाचा, आणि त्याला नैतिक समितीची मान्यता आहे का? ज्या कागदावर संस्थेचं नाव, जबाबदार माणसाचं नाव आणि फोन नाही, तिथे थांबा.

दुसरा: फोन माझ्याबद्दल काय काय टिपणार? फक्त मी दिलेली उत्तरं, की मी कुठे जाते तेही?

तिसरा: ही माहिती कोण बघणार? घरातला फोन सगळ्यांचा असेल तर माझं उत्तर नवऱ्याला, दिराला दिसेल का? ज्या घरात मारहाण होते तिथे हा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

चौथा: मी मध्येच सोडलं तर काय? अभ्यासासाठी दिलेला फोन परत घेणार का? आणि अभ्यास संपल्यावर काय कळलं ते आमच्या पोडावर येऊन, आमच्या भाषेत सांगणार का?

पाचवा आजीचा: मी वाईट उत्तर दिलं तर कोण येणार, आणि किती वेळात?

संस्थेच्या बाजूने आम्ही एक गोष्ट ठरवली आहे. लोकांचा होकार मिळवून देण्याचं काम आम्ही करणार नाही. संशोधकांना आम्ही रस्ता दाखवू, पाणी देऊ, गोंडी-कोलामी बोलणारा माणूस शोधून देऊ. पण विचारायच्या वेळी आम्ही ज्याला विचारतात त्याच्या बाजूला बसू. तो नाही म्हणाला तर त्याच्या औषधाची गोळी दुसऱ्या दिवशी तितक्याच वेळेवर पोचेल. हे मी तुमच्यासमोर मुद्दाम सांगते आहे, म्हणजे आम्ही चुकलो तर तुम्ही आम्हाला विचाराल.

आणि तुमच्याकडे माझी तीन मागणी आहेत.

टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर प्रत्येक मंडळीच्या फलकावर लिहा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. स्वतःच्या फोनमध्येही साठवून ठेवा.

दुसरं, आमच्या खर्चाच्या यादीत 'प्रवास' असं एक सदर असतं. देणगी देताना त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पोडावरून किनवटला आणि किनवटहून नांदेडच्या दवाखान्यात यायला रुग्णाचा अख्खा दिवस आणि बरोबरच्या माणसाची एका दिवसाची मजुरी जाते. मनाच्या रुग्णाला एकट्याने पाठवता येत नाही. त्या सदरासाठी द्या.

तिसरं, प्रत्येक मंडळीने दोन माणसं नेमावीत. उपदेश करणारी नकोत, ऐकून घेणारी हवीत.

लातूरच्या त्या मुलाचं काय झालं, हे तुमच्या मनात असेल. त्याचं वाक्य मी तिथल्या मंडळीतल्या एका वडिलांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी उपासनेनंतर त्यांनी त्याला घरी जेवायला नेलं. आता तो दर रविवारी तिथे जेवतो. मध्ये एकदा तो फार खचला होता, तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की याने दुसरी भाकरी घेतली नाही. त्यांनी विचारलं. तो बोलला. मग आम्ही त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. औषध सुरू आहे, अभ्यासही सुरू आहे.

आणि आजी. तिच्या प्रश्नावर मला काही सुचलं नाही. मी म्हणाले, "मी येईन, आजी." तिने मान हलवली. असं म्हणणारे तिने पुष्कळ बघितले असणार. पुढच्या मंगळवारी मी गेले तेव्हा ती दारातच बसली होती. मला बघून आत वळली आणि सुनेला म्हणाली, "चा ठेव. आली ती."